‘मणक्यात गॅप’ आला कुठून?

माझा सव्वीस वर्षांचा भाचा एमआरआयची ती भलीमोठी पिशवी घेऊन आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, “मामा, मणक्यात गॅप आलाय.” रिपोर्टमध्ये ‘गॅप’ असा शब्दच नव्हता. एल-४ आणि एल-५ या कंबरेतल्या दोन मणक्यांमधली चकती (डिस्क) किंचित फुगली आहे, एवढंच होतं. पण गॅप म्हटलं की सगळ्या घराला कळतं. पट्टा येतो, गादी जाऊन फळी येते, बादली उचलायला बंदी होते.

ही चकती बदनाम झाली ती बॉस्टनमध्ये. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी दाखवलं, की फाटलेली चकती नसेवर दाबली गेली तर पायात कळ उतरते. शोध अस्सल होता, पण तो पायातल्या कळेबद्दल होता. पुढे नुसत्या कंबरदुखीचं खापरही तिच्यावरच फुटू लागलं. १९६०च्या दशकात स्वीडनच्या डॉ. नॅकेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला आणि खुर्चीही आरोपी झाली. १९९९ साली जर्मनीतल्या उल्ममध्ये तसंच मोजमाप पुन्हा झालं, तेव्हा सैल टेकून बसल्यावर दाब उलट कमी निघाला. ते एकाच माणसावरचं होतं हे खरं, पण ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

चकतीच्या खटल्यातला मोठा साक्षीदार १९९४ साली आला. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ६४ टक्के लोकांच्या निदान एका चकतीत काही ना काही दोष दिसला. भाच्याच्या ठणठणीत रूममेटचा रिपोर्टही असाच निघू शकतो. (पाय बधिर पडला, लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठायचा.)

मग कंबर दुखते ती कुणाची? १९९१ साली बोइंग या विमानं बनवणाऱ्या कंपनीतल्या तीनेक हजार कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरेची तक्रार कोण करणार, याचा अंदाज उचललेल्या वजनापेक्षा आधीच्या दुखण्यावरून आणि काम नकोसं वाटतं का, यावरून चांगला बांधता आला. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात चकतीच्या झिजेमागे जड कामापेक्षा आनुवंशिकता मोठी ठरली. तरुणांत कंबरदुखीशी सिगारेटचाही संबंध दिसतो.

आपल्याकडे मात्र आरोपी ठरलं ते दप्तर. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच हवं, असा नियम केला. मुलांचे हाल कमी झाले तर चांगलंच आहे. पण २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दप्तरामुळे पाठदुखी होते याचा पटण्याजोगा पुरावा हाती लागला नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २००६ सालचा डेन्मार्कचा अभ्यास. १२ ते २२ वयाच्या हजारो जुळ्यांना आठ वर्षांनी पुन्हा विचारलं. ज्यांची कंबर तेव्हा वारंवार दुखायची, त्यांची मोठेपणीही दुखण्याची शक्यता बरीच जास्त निघाली.

म्हणून भाच्याला विचारलं, पहिल्यांदा कधी दुखली होती? तो आठवत बसला. उत्तर ताईनेच दिलं, “बारावीला. आम्हाला वाटलं, अभ्यास टाळतोय.”