मुक्तस्रोत प्रकल्पातील विद्यार्थी-मार्गदर्शन

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याकडून, प्रकल्पातल्याच जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीत एखादे खरे काम करून घेण्याची व्यवस्था. देखरेख करणाऱ्याला मेंटर म्हणतात. मुक्तस्रोताचा कोड कोणालाही वाचता येतो आणि त्यात दुरुस्ती सुचवता येते, पण दार उघडे असले म्हणून आत शिरणे सोपे होत नाही. कोड आपल्या संगणकावर बिल्डच होत नाही, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार होत नाही, काय करावे, कोणाला विचारायचे तेही कळत नाही, आणि पहिला पॅच (दुरुस्तीचा तुकडा) पाठवण्याआधीच अनेक जण परत फिरतात.

या व्यवस्थेला ठोस रूप दिले ते गुगलने २००५ साली सुरू केलेल्या ‘समर ऑफ कोड’ने. त्यात गुगल विद्यार्थ्याला मानधन देते. विषय, निवड आणि मार्गदर्शन प्रकल्पांकडे असते. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट निघाली आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या नवख्यांनाही अर्ज करता येऊ लागला. १३ ते १७ वयोगटासाठी २०१० ते २०१९ या काळात ‘गुगल कोड-इन’ चालले. ‘आउटरीची’ या अशाच दुसऱ्या कार्यक्रमाचे मूळ नोम या मुक्तस्रोत डेस्कटॉप प्रकल्पाच्या, २००६ मधल्या स्त्रियांसाठीच्या उपक्रमात आहे. आउटरीचीत अर्जाच्या काळातच प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान करावे लागते, आणि निवडीची ही पद्धत कागदी प्रस्तावापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी देखणा प्रस्ताव लिहिणे सोपे केल्यावर तर अधिकच.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, चांगले विद्यार्थी मिळवणे हेच अवघड. खरा तुटवडा असतो तो मेंटरच्या वेळेचा. मेंटर बहुधा स्वयंसेवक असतो, नोकरी सांभाळून रात्री कोड रिव्ह्यू (आलेल्या कोडची तपासणी) करणारा. म्हणून प्रकल्पाचा जाणता संयोजक विद्यार्थ्यांसाठी जागा मागताना प्रस्ताव किती आले हे पाहत नाही, मेंटर किती आहेत ते मोजतो. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन मेंटर ठेवतो, कारण एक जण आजारी पडतो किंवा सुट्टीवर जातो आणि विद्यार्थी आठवडाभर उत्तराची वाट पाहत बसतो.

कामाच्या कल्पनांची यादी आधी तयार लागते. ‘कोणाला तरी करायचे होते’ म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेले काम त्या यादीत टाकण्याचा मोह होतो. ते पडून राहण्याला सहसा कारण असते. चांगल्या कल्पनेला निम्म्यावर थांबले तरी उपयोगी पडेल असा टप्पा असतो, आणि ते काम मनापासून हवे असलेला मेंटरही असतो. निवडीपूर्वी विद्यार्थ्याने एक-दोन किरकोळ चुका दुरुस्त करून पाठवाव्यात अशी अट अनेक प्रकल्प घालतात. त्यातून कौशल्य दिसतेच, पण शेरा मिळाल्यावर तो काय करतो हे अधिक कळते.

‘समर ऑफ कोड’मध्ये निवडीनंतर लगेच कोडिंग सुरू होत नाही, ओळख, वाचन आणि तयारीसाठी काही आठवडे राखलेले असतात. पुढे सर्वांत घातक गोष्ट म्हणजे शांतता. अडलेला विद्यार्थी लाजेने गप्प बसतो आणि मेंटर ‘काम चालू असेल’ असे धरून चालतो. यावर आठवड्याची ठरलेली भेट उपयोगी पडते, तसेच प्रश्न खासगीत न विचारता सर्वांसमोर विचारण्याची सवयही. खासगीत दिलेले उत्तर एकाच्याच कामी येते, शिवाय इतर मेंटेनरना (प्रकल्पाचा कोड सांभाळणाऱ्यांना) विद्यार्थ्याची ओळखही होत नाही.

दुसरा धोका शेवटच्या आठवड्यात अवतरणाऱ्या भल्यामोठ्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे आपले बदल प्रकल्पात घ्यावेत अशा विनंतीचा. हजारो ओळी एकदम तपासायला कोणी धजावत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यापासून छोटे तुकडे मुख्य शाखेत (प्रकल्पाच्या मूळ कोडमध्ये) विलीन व्हावेत असा आग्रह धरला जातो. मध्यावधी मूल्यमापनात अनुत्तीर्ण झालेल्याचा ‘समर ऑफ कोड’मधला सहभाग तिथेच संपतो. हा निर्णय मेंटरना जड जातो, आणि भिडेपोटी उत्तीर्ण केलेल्यांचे अर्धवट काम नंतर मेंटेनरच्या गळ्यात पडते. मुदत संपताना विलीन न झालेली शाखा (आपल्या बदलांची वेगळी प्रत) पूर्ण करायला विद्यार्थी परत येईल असे गृहीत धरता येत नाही. परीक्षा, नोकरी, नवे शहर असे त्याचे पुढचे दिवस भरलेले असतात. त्यामुळे काही संयोजक शेवटचा आठवडा नव्या कोडसाठी बंद ठेवून फक्त दस्तऐवज, चाचण्या आणि राहिलेल्या कामाची नोंद यांसाठी राखतात.