लष्करी तळांभोवतीचे भूजल व मृदा प्रदूषण

लष्करी तळांभोवतीचे भूजल व मृदा प्रदूषण : लष्करी छावण्या, हवाई तळ, दारूगोळ्याची कोठारे, गोळीबाराची मैदाने आणि इंधनाचे साठे यांतून जमिनीत मुरलेल्या रसायनांमुळे आसपासची माती, विहिरी व बोअरचे पाणी दूषित होणे. जगातील बहुतेक मोठ्या लष्करांच्या जुन्या तळांवर हे आढळले आहे. तळ बंद पडतो, सैन्य निघून जाते. मुरलेले रसायन मात्र खडकात राहते आणि वर्षानुवर्षे गावाच्या पाण्यात उतरत जाते.

सोलापुरात आज मोठा लष्करी तळ नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर शहराला छावणी लाभली होती. सदर बझार हे नाव त्या छावणीची खूण. मात्र करमाळ्याला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात छावणी आहे, रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि सरावाची विस्तीर्ण मैदाने आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. खडकी मुळेच्या काठी, मुळा-मुठेचे पाणी भीमेत आणि भीमेचे उजनीत येते. सोलापूरचे नळ उजनीवर चालतात, आणि नळाला पाणी येण्याच्या दोन दिवसांमधली खिंड बोअर आणि टँकर भरून काढतात. म्हणून हा विषय सोलापूरकराने परका मानू नये. शिवाय ज्या दोन घटनांवरून तो सर्वांत नीट समजतो, त्यांतली एक बेसाल्ट खडकात घडली आणि दुसरी काळ्या भेगाळ मातीत. सोलापूर जिल्हा या दोन्हींवर उभा आहे.

प्रदूषके व त्यांची चाल

तळावरची रसायने पाण्यात एकसारखी वागत नाहीत. विमानाचे केरोसीन, डिझेल, पेट्रोल ही पाण्यापेक्षा हलकी. गळालेले इंधन मुरमातून झिरपत पाण्याच्या पातळीपर्यंत जाते आणि तिथे तवंग धरते. विहिरीत तेलकट वास येतो, कधी पाण्यावर रंगीत साय दिसते. एस्टोनियातील तापा या गावी सोव्हिएत हवाई तळाचे केरोसीन विहिरींच्या पाण्यावर तरंगत असे. इंधनातले बेंझीन पाण्यात विरघळते आणि ते कर्करोगकारक आहे.

ट्रायक्लोरोइथिलीनची तऱ्हा उलट. इंजिन आणि यंत्रांचे भाग पुसून ग्रीस काढण्यासाठी ते कार्यशाळांत दशकानुदशके वापरले गेले. ते पाण्यापेक्षा जड असल्याने पाणी ओलांडून खाली बुडते, कातळाच्या खोलगट जागी आणि भेगांत साठून बसते आणि तिथून थोडे थोडे विरघळत राहते. उपसा कितीही करा, भेगेतला साठा सहज हाती लागत नाही.

स्फोटकांपैकी टीएनटी मातीला बऱ्यापैकी चिकटते. आरडीएक्स मात्र फारसे चिकटत नाही आणि पावसाबरोबर खाली उतरते. रॉकेटच्या घन इंधनातले परक्लोरेट तर मिठासारखे विरघळून पाण्याच्या वेगाने पुढे सरकते. ते थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन घेण्याच्या क्रियेत अडथळा आणते. गोळीबाराच्या मैदानात शिसे साचते. सोलापूरकडची माती चुनखडीयुक्त, विम्लधर्मी असल्याने शिसे तिच्यात बरेचसे अडकून राहते, फार खोल जात नाही. धोका असतो तो वरच्या धुळीचा, तिथे खेळणाऱ्या पोरांना आणि चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांना.

अलीकडे सर्वाधिक चर्चा होते ती पीफास (फ्लोरीनयुक्त मानवनिर्मित संयुगे) गटाची. या संयुगांतील कार्बन-फ्लोरीन बंध इतका मजबूत असतो की माती, सूर्यप्रकाश वा जिवाणू यांच्याकडून तो सहसा तुटत नाही. इंधनाची आग विझवणारा फेस या संयुगांपासून १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाने एका रसायन कंपनीच्या साथीने विकसित केला. १९६७ मध्ये फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावरील भीषण आगीनंतर त्याचा वापर फोफावला. खरी आग क्वचितच लागते. फेस उधळला गेला तो सरावात. खड्ड्यात इंधन ओतायचे, पेटवायचे, फेसाने विझवायचे आणि उरलेले जमिनीत मुरू द्यायचे, असा हा सराव वर्षानुवर्षे एकाच जागी चाले. नागरी विमानतळ आणि तेलडेपोंची अग्निशमन दलेही हाच फेस वापरीत आली आहेत, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. या गटातील पीएफओएसवर २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने (चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आणले. पीएफओए २०१९ मध्ये त्यात आले.

रेड हिल : बेसाल्टमधली गळती

हवाई बेटांवर पर्ल हार्बरजवळ रेड हिल नावाच्या डोंगराच्या पोटात अमेरिकी नौदलाने १९४० ते १९४३ या काळात इंधनाच्या २० टाक्या खोदल्या. एकेका टाकीत सुमारे पावणेपाच कोटी लिटर इंधन मावे. टाक्यांच्या बुडापासून सुमारे १०० फुटांवर होनोलुलू शहराला पाणी पुरवणारा भूजलसाठा होता, आणि मध्ये होता बेसाल्ट. २०१४ मध्ये एका टाकीतून सुमारे १ लाख लिटर इंधन निसटले. त्या वेळी कायमचा बंदोबस्त झाला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा गळती झाली, इंधन थेट पाण्याच्या उद्भवात उतरले आणि सुमारे ९३,००० लोकांच्या नळांना केरोसीनचा वास येऊ लागला. लोकांना उलट्या, डोकेदुखी, अंगावर पुरळ असा त्रास झाला. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवावे लागले. शहराने आपला एक मोठा उद्भव खबरदारी म्हणून बंद केला. मार्च २०२२ मध्ये संरक्षण खात्याने साठा कायमचा रिकामा करण्याचा आदेश दिला.

हवाईचा बेसाल्ट भूशास्त्रीय हिशेबाने तरुण आहे. त्यात पोकळ्या आणि भेगा भरपूर, पाणी वेगाने धावते. सोलापूरचा दख्खनी बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरून गेल्या आहेत. विहीर खणणाऱ्याला हे थर तोंडपाठ असतात : वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (पोकळ्यांचा मऊसर बेसाल्ट), मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी गेरूसारखी लाल पट्टी. पाणी मुख्यतः मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत असते. एका बांधावरची विहीर बारमाही आणि शंभर फुटांवरची कोरडी, एकीचे पाणी गोड आणि शेजारणीचे खारट, हे इथे नित्याचे. दूषित पाणीही त्याच भेगांच्या वाटेने जाते. त्यामुळे वाळूच्या प्रदेशात पसरते तसे ते पंख्यासारखे पसरत नाही. जवळची विहीर सुटते आणि लांबची सापडते. ‘शेजाऱ्याचे पाणी चांगले निघाले, म्हणजे आपलेही असणार’ हा अंदाज दख्खनी खडकात फसवा ठरतो.

यात माणसाने आणखी एक वाट तयार करून ठेवली आहे, ती बोअरची. बोअरला केसिंग पाइप सहसा वरच्या माती-मुरमापुरताच घालतात. खाली चार-पाचशे फुटांपर्यंत भोक उघडेच असते. लाल पट्टी किंवा अखंड पाषाण वरचे पाणी खाली जाऊ देत नव्हते, तिथे बोअरने आरपार नळी केली. वरच्या थरात मुरलेले रसायन या नळीतून खोलवर जाऊ शकते. पाणी न लागलेले बोअर तसेच उघडे सोडण्याची आपली सवय त्यामुळे दुहेरी वाईट : पोरे पडण्याचे भय आहेच, शिवाय खोल पाण्यालाही तिथूनच बाधा होते.

ओकी : काळी माती, बोअर आणि गुरे

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात डार्लिंग डाउन्स नावाचा पठारी प्रदेश आहे. तिथली माती काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी, ज्वारीही पिकते. तिथल्या ओकी गावी लष्कराचे हवाई प्रशिक्षण केंद्र आहे. १९७० च्या दशकापासून तिथे अग्निशमनाच्या सरावाला पीफासयुक्त फेस वापरला जात होता. तो भूजलात उतरला आणि केंद्राच्या कुंपणाबाहेर शेतांखाली सरकला. २०१४ मध्ये रहिवाशांना बोअरचे पाणी पिऊ नका असे सांगण्यात आले. तोवर लोक ते पीत होते, त्यावर भाजीपाला घेत होते, गुरांना पाजत होते. गुरांच्या रक्तातही ही संयुगे सापडली. जमिनींचे भाव पडले, विकायला काढली तरी गिऱ्हाईक मिळेना. ओकी, विल्यमटाउन आणि कॅथरीन या तीन गावांच्या रहिवाशांनी सरकारवर दावे लावले आणि २०२० मध्ये २१.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली.

काळ्या मातीविषयी एक समज घट्ट आहे की ती चिकण असल्याने पाणी खाली सोडत नाही. ओली झाल्यावर हे बरेचसे खरे. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडच्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस मातीत मुरत न बसता या भेगांतून सरळ मुरमापर्यंत पोचतो. माती फुगून भेगा मिटायला नंतर काही दिवस जातात. उन्हाळाभर पृष्ठभागावर साचलेले जे काही असेल ते त्या पहिल्या पाण्याबरोबर गाळले न जाता खाली उतरते. त्यात जिल्ह्याचा सरासरी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे दूषित पाण्यात ताजे पाणी मिसळून ते सौम्य होण्याची संधीही कमी.

उपशाचे पाणी रानात फिरते तेव्हा रसायनही फिरते. बोअरमधून उसाला, उसाच्या रानातून पुन्हा मुरमात, तिथून परत बोअरला. पिकांत पीफास शिरते तेव्हा दाण्यापेक्षा पाने आणि ताट यांत त्याचे प्रमाण जास्त असते. शाळूच्या पट्ट्यात याचा अर्थ असा की भाकरीच्या आधी कडब्याची काळजी करावी लागेल, कारण कडबा जनावराच्या पोटात जातो आणि तिथून दुधात येतो.

इतर ठळक घटना

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायनात कॅम्प लेज्यून या मरीन दलाच्या तळावर १९५३ ते १९८७ या काळात पिण्याचे पाणी दूषित होते. हॅडनॉट पॉइंट भागाच्या पाण्यात १९८२ साली ट्रायक्लोरोइथिलीन लिटरला १,४०० मायक्रोग्रॅमपर्यंत सापडले. तिथली आजची मर्यादा ५ आहे. दूषित विहिरी प्रामुख्याने १९८४-८५ मध्ये बंद झाल्या. दहा लाखांपर्यंत लोकांना बाधा पोचली असावी असा अंदाज आहे, आणि त्यांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. याच तळाच्या टॅरावा टेरेस वसाहतीचे पाणी मात्र कुंपणाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंग दुकानाच्या सांडपाण्याने बिघडले होते.

मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथे सराव मैदानाखालच्या वाळूतून आरडीएक्स पिण्याच्या भूजलात उतरले आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथला दारूगोळ्याचा सरावच थांबवला. व्हिएतनाममध्ये दा नांग विमानतळावर एजंट ऑरेंज या अमेरिकी लष्कराने वापरलेल्या तणनाशकाच्या साठ्यातून डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन मातीत मुरले होते. २०१२ ते २०१८ दरम्यान ती माती उकरून, मोठ्या बंदिस्त ढिगात सुमारे ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून स्वच्छ केली गेली. बिएन होआ तळावरचे तसेच काम २०१९ मध्ये सुरू झाले. जपानच्या ओकिनावात २०२० साली फुतेन्मा या अमेरिकी तळावरून निसटलेला फेस वाऱ्याने वस्तीत उडत आला होता.

शुद्धीकरण

इंधनाचा तवंग उपसता येतो. बाष्पशील रसायने मुरमातून हवा खेचून काढता येतात. पाणी उपसून सक्रिय कार्बनमधून वा रेझिनमधून गाळणे ही रूढ पद्धत. भेगाळ खडकात ती दशकानुदशके चालवावी लागते. पीफास कार्बनवर आणि आरओच्या पडद्यावर अडते, पण नष्ट होत नाही. वापरलेला कार्बन आणि आरओचे टाकाऊ पाणी यांत ते तसेच असते, आणि ते पाणी मोरीतून परत जमिनीत सोडले तर फेरा पूर्ण होतो. पाणी उकळून पीफास जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. ट्रायक्लोरोइथिलीन उकळल्यावर उडते ते स्वयंपाकघराच्या हवेत.

कायदा व माहितीचा प्रश्न

अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस यांसाठी पेयजलात लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. भारताच्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजल मानकात या संयुगांना मर्यादा दिलेली नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम २०२५ मध्ये आले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(क) नुसार देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती नाकारता येते. तळावर कोणती शस्त्रे आहेत हे गुप्त राहणे रास्तच आहे. कुंपणाबाहेरच्या विहिरीत काय आहे, हे मात्र त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याला कळलेच पाहिजे. जवानांची कुटुंबेही तेच पाणी पितात; कॅम्प लेज्यूनमध्ये बाधित झालेले बहुतेक लोक लष्करी कुटुंबांतलेच होते.

पाण्याची तपासणी

नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू पाहतात. त्या अहवालात वरीलपैकी कोणतेही रसायन दिसणार नाही. त्यामुळे तळ, विमानतळ, तेलडेपो किंवा जुनी कार्यशाळा जवळ असेल तर प्रयोगशाळेला रसायनाचे नाव घेऊन विचारावे लागते. नमुना मे महिन्यात पातळी खाली असताना एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा घ्यावा. बोअर आधी बराच वेळ चालू ठेवून पाइपात साठलेले पाणी जाऊ द्यावे. ट्रायक्लोरोइथिलीन, बेंझीन यांच्यासाठी काचेची छोटी कुपी बुडबुडा न राहता काठोकाठ भरून लगेच बंद करतात आणि बर्फात ठेवतात. पीफाससाठी काच चालत नाही, कारण ते काचेला चिकटते. पॉलिप्रोपिलीनची बाटली लागते, आणि तिच्या झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर नसावे.