गंजलेली फियाट वॅगन घरच्या पोराबरोबर पुन्हा उभी करताना

आजोबांची फियाट वॅगन गावाकडे ताडपत्रीखाली उभी आहे, घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल आहे आणि दोघं मिळून ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी असं तुमच्या मनात आहे, अशांसाठी हे पत्रक. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज चालवतो. जुन्या गाड्यांची कामं नेहमीच करतो, पण पालक आणि मूल जोडीनं येतात ती कामं आम्हाला जास्त जवळची आहेत.

अशा कामाला आमची एकच अट असते. मुलानं नुसता टॉर्च धरून उभं राहायचं नाही. त्याला दिलेलं काम खोलण्यापासून परत बसवण्यापर्यंत त्याचंच. वडील उत्साहानं सगळं स्वतः करत गेले आणि पोरगं तिसऱ्या रविवारनंतर आलंच नाही, असं आमच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. गाडी छान झाली होती, पण ती नेताना वडिलांचाच चेहरा पडलेला होता.

गाडी कोणती आहे ते आधी ओळखा

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला फियाट ११०० आणली. १९६४ साली डिलाइट आली आणि तीच पुढे प्रेसिडेंट, मग १९७४ पासून पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअर स्टेअरिंगजवळ, ओढ मागच्या चाकांना, ब्रेक चारही ड्रमचे. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, त्यामुळे सेदानचे सुटे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री अजून सापडतात.

वॅगनचं, म्हणजे छप्पर मागेपर्यंत नेलेल्या आणि मागे दार असलेल्या गाडीचं, गणित वेगळं आहे. सेदानच्या तुलनेत वॅगन फार थोड्या बनल्या. पुढचा अर्धा भाग, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचं सामान बाजारात शोधता येतं. मागचं दार, मागच्या बाजूच्या लांब काचा, त्यांची रबर बीडिंग हे मिळेलच असं नाही. म्हणून मागच्या काचांना पहिल्या दिवशी कोणीही हात लावू नये. वाळलेलं रबर ओढताना काच फुटली तर तिथेच सहा महिने अडकून पडाल.

गंज कुठे आणि किती

पेंट उडालेलं बोनेट पाहून घाबरू नका आणि चकाकणारं मडगार्ड पाहून खूश होऊ नका. या गाडीला जीपसारखी खाली वेगळी लोखंडी चौकट नाही. बॉडी हीच चॅसी आहे. दारांखालची सिल (उंबऱ्यासारखी लांब पोकळ पट्टी) आणि फ्लोअरचा पत्रा मिळून सगळा भार पेलतात. सिल कुजली की गाडी मधून वाकते आणि दारं लागेनाशी होतात. त्यामुळे आमची तपासणी दारापासूनच सुरू होते. दार उघडून सोडून द्या. ते खाली झुकतं का, आणि दार व खांबामधली फट वर-खाली सारखी आहे का ते पाहा. फट वर बारीक आणि खाली रुंद असेल तर दुखणं दाराचं नाही, सिलचं आहे.

मग मुलाच्या हातात एक लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर द्या. चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवर फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. फ्लोअरवरचं कारपेट आणि त्याखालची डांबरी शीट उचलून पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टोचत जायचं. टणक आवाज आला तर नुसता वरवरचा गंज. पापुद्रे सुटले तर खोल गेलेला. आरपार गेला तर तेवढा पत्रा कापावाच लागेल. आपल्या पावसात ओलं झालेलं कारपेट महिनोन् महिने वाळत नाही, आणि फ्लोअर बऱ्याचदा याच ओलीनं कुजतो. प्रत्येक जागा वहीत काढायची: गाडीचं वरून, खालून, दोन्ही बाजूंनी साधं चित्र आणि त्यावर तीन रंगांच्या खुणा. हे काम मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण त्यांना गाडी चांगली असावी अशी घाई नसते.

वॅगनमध्ये जास्त पाहायच्या जागा म्हणजे मागच्या दाराची खालची कड, स्टेपनीचा खड्डा, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला अडकतात ते कोपरे, छपराची पन्हळ आणि बॅटरीखालचा ट्रे. दारांच्या आणि मागच्या दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजलेली असतात म्हणूनच आतून गंज चढतो. रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईच्या समुद्राकाठी राहिलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेचा परिणाम धरून चालायचं आणि सिल आतूनही उघडून पाहायची.

कोणी काय करायचं

मुलाची कामं: खोलणं, खुणा करणं, फोटो काढणं, लहान भाग स्वच्छ करणं, पाणी पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) मारणं, वायरिंग तपासणं, सीट आणि कापडकाम, आणि शेवटी सगळं परत बसवणं. खोललेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तारीख आणि जागा. एका वर्षानंतर ‘डावा मागचा बिजागर, वरचा’ ही चिठ्ठी वाचताना तिची किंमत कळते.

लहान गंजके भाग विजेच्या साहाय्यानं स्वच्छ करता येतात. दहावीच्या विज्ञानात क्षरण असतंच. ते इथे उलट्या दिशेनं चालताना दिसतं. प्लास्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला, आणि दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नको. बुडबुडे येऊ लागतात आणि काही तासांत गंज काळा पडून ब्रशनं निघतो. चार्जर मोठ्यांनीच चालू-बंद करायचा आणि बंद केल्याशिवाय टबात हात घालायचा नाही. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून टब उघड्यावर ठेवायचा, जवळ काडी पेटवायची नाही. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा क्रोम चढवलेले भाग यात टाकू नका. नट-बोल्टसाठी लिंबूसताचं पाणीही चालतं, पण स्प्रिंग आणि ब्रेक-सस्पेन्शनचे बोल्ट आम्लात नकोत, ते ठिसूळ होऊ शकतात. बाहेर काढलेला भाग त्याच दिवशी वाळवून प्रायमर मारा. उघडं लोखंड रात्रीत पुन्हा तांबूस होतं.

जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. ओला पेपर, मास्क, आणि घासून झाल्यावर आंघोळ. ब्रेक ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेच्या नळीनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत बंद करा.

पालकांची कामं: गाडी उचलणं आणि ती जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवणं, इंजिनाला हात लावायच्या आधी बॅटरीची तार काढणं, आणि ज्या बाजूला मूल आहे तिथे आपण असणं. बंद पडलेलं इंजिन सेल्फनं फिरवायची घाई करू नका. प्लग काढून भोकांत थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग हातानं फिरवा.

आमची कामं: सगळं कटिंग आणि वेल्डिंग, पेट्रोलची टाकी, ब्रेक, आणि शेवटचा स्प्रे. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, घरी तिच्याजवळ ग्राइंडरसुद्धा चालवू नका. स्प्रेच्या रंगातलं हार्डनर फुप्फुसाला त्रास देतं, त्या खोलीत आम्ही मुलांना येऊ देत नाही. सिल कापताना आम्ही दारं जागेवर ठेवतो, आतून आडवे पाइप मारून बॉडी जखडतो आणि एका वेळी एकच बाजू कापतो. त्या दिवशी मुलाला जरूर आणा. दाराच्या फटी मोजून वहीत लिहायचं काम त्याचंच असतं, आणि नवी सिल बसल्यावर तोच आकडा पुन्हा आला की आमचा मिस्त्रीसुद्धा त्याच्याकडे बघून हसतो.

कधी सुरू करायचं

दिवाळीनंतर. पत्र्याचं काम उन्हाळ्यापर्यंत उरकून मृग लागायच्या आत सगळ्या बॉडीवर एपॉक्सी प्रायमर चढलाच पाहिजे. दमट हवेत रंगाला पांढरट झाक येते, म्हणून आम्ही पावसात शेवटचा हात मारत नाही. जुलै-ऑगस्ट सीट, वायरिंग आणि घड्याळं-मीटरसाठी ठेवा. दहावी किंवा बारावीच्या वर्षी सुरुवात करू नका. आठवीची दिवाळी उत्तम. फक्त रविवार धरले तर दोन वर्षं लागतात.

कागद

आरसीवरचा आणि गाडीवरचा चॅसी नंबर जुळला पाहिजे. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. हेही मुलाचं काम. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी फी २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांची मिळते. पण मग ती रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं यांपुरतीच चालवता येते. इंजिन बदललेली किंवा बॉडी कापून वेगळी केलेली गाडी यात बसत नाही. म्हणून डिझेल इंजिन बसवून द्या असं कोणी म्हटलं तर आम्ही आधी हे सांगतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच. अठरा वर्षांच्या आत मुलानं ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. तसा गुन्हा घडला तर कायद्यानं पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पहिला स्टार्ट मात्र त्यानंच मारायचा: गिअर न्यूट्रलला, चाकांना पुढे-मागे ठोकळे, तुम्ही शेजारच्या सीटवर.

खर्च आणि पहिली भेट

आम्ही एकरकमी दर सांगत नाही, कारण सिल उघडल्याशिवाय आतला गंज कोणालाच दिसत नाही. पहिल्या तपासणीनंतर पत्र्याचा लेखी अंदाज देतो. काम टप्प्याटप्प्यानं करतो आणि एक टप्पा संपल्यावर तुम्हाला थांबायचं असेल तर गाडी प्रायमर मारून परत देतो. दोन्ही बाजूंच्या सिल, फ्लोअर आणि मागच्या पाट्यांचे कोपरे सगळेच आरपार गेले असतील तर आम्ही हे काम घेऊ नका असं सांगतो, आणि तीच गाडी दुसऱ्या एखाद्या वॅगनसाठी सुटे भाग म्हणून किती मोलाची आहे तेही सांगतो.

तपासणी रविवारी सकाळी असते. येताना आरसी, गाडीचा एखादा जुना फोटो असेल तर तो, मळले तरी चालतील असे कपडे आणि एक कोरी वही आणा. मुलालाही बरोबर आणा. ते नसेल तर आम्ही गाडी उचलत नाही, पुढचा रविवार देतो.