उपाशी वटवाघळे आणि हेन्ड्रा विषाणू

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. 2021 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा साथ दाराशी येऊन ठेपली असाच अर्थ अनेकांनी घेतला. वास्तविक वटवाघळाच्या शरीरात विषाणू असणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे या दोन घटनांमध्ये फार मोठे अंतर असते. ते अंतर केव्हा आणि कशामुळे कापले जाते, याचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास निपाहच्या सख्ख्या भावंडाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातील हेन्ड्रा विषाणूचा आहे.

1994 साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील ब्रिस्बेन शहराच्या हेन्ड्रा या उपनगरातील एका तबेल्यात शर्यतीचे घोडे एकापाठोपाठ एक दगावले आणि त्यांची देखभाल करणारा प्रशिक्षकही मरण पावला. हा विषाणू मोठ्या फळाहारी वटवाघळांमध्ये वस्तीला असतो, पण त्यामुळे ती आजारी पडल्याचे दिसत नाही. त्यांच्या मूत्रातून तो झाडाखालच्या गवतावर पडतो, तेथे चरणाऱ्या घोड्याला लागण होते आणि आजारी घोड्याच्या निकट संपर्कातून माणसाला. आजवर सात माणसांना हा आजार झाल्याची नोंद आहे, त्यांपैकी चौघे वाचले नाहीत.

वटवाघळे तर वर्षभर तेथेच असतात. मग काही हिवाळ्यांत घोड्यांना लागण होते आणि काही हिवाळे लागणीविना का जातात? मूळच्या पशुवैद्य असलेल्या आणि आता अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रेना प्लाउराइट या प्रश्नामागे अनेक वर्षे लागल्या आहेत. अन्नाची टंचाई, गर्भारपण आणि पिलांना दूध पाजण्याचा काळ यांचा संसर्गाशी संबंध असल्याचे त्यांनी 2008 मध्येच दाखवले होते. पुढे पेगी ईबी, अ‍ॅलिसन पील आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी 1996 ते 2020 या पंचवीस वर्षांतील हवामान, जंगलतोड, फुलोरा, वटवाघळांच्या वसाहती आणि घोड्यांमधील लागण यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. तो निबंध 2022 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातून उलगडलेली साखळी मला विलक्षण वाटते. या वटवाघळांचे मुख्य अन्न म्हणजे निलगिरीच्या जातीतील झाडांचा मकरंद. ही झाडे आपल्या आंब्यासारखी ठरावीक महिन्यात मोहरत नाहीत; आधीच्या काळातील पाऊस आणि तापमान यांवर त्यांचा फुलोरा अवलंबून असतो. म्हणून वटवाघळे मोठ्या थव्यांनी भटकत, जेथे बहर असेल तेथे शेकडो किलोमीटर उडत जातात. त्यांचा कसोटीचा काळ हिवाळा, म्हणजे तिकडचे जून ते ऑगस्ट हे महिने, कारण त्या दिवसांत फुलणाऱ्या जाती मोजक्याच आहेत आणि त्या जातींची बरीचशी जंगले शेतीसाठी व घरांसाठी तोडली गेली आहेत. एल निनोमुळे दुष्काळी वर्ष आले की फुलोरा हुकतो, थवे फुटतात आणि लहान लहान टोळ्या शेतांच्या आणि गावांच्या कडेला, मिळेल त्या निकृष्ट फळांवर गुजराण करू लागतात. पूर्वी टंचाई सरली की ती पुन्हा भटकंतीला निघत. आता अनेक टोळ्या बारमाही तेथेच मुक्काम ठोकतात. त्यानंतरच्या हिवाळ्यात उपाशी वटवाघळे मूत्रातून अधिक विषाणू बाहेर टाकतात, आणि नेमकी त्याच वेळी ती घोड्यांच्या कुरणातील झाडांवर असतात. उपासमारीने प्रतिकारशक्ती ढिली पडून शरीरात दबून राहिलेला विषाणू वर येतो, असे या वाढीचे संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. ही साखळी इतकी घट्ट आहे की धोक्याच्या हिवाळ्याचा अंदाज दोन वर्षे आधी बांधता येतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

हे वाचल्यावर आपल्याकडच्या समजुतींचा विचार मनात येतो. वटवाघूळ अशुभ म्हणून त्याची झाडे तोडली जातात, आणि त्याच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर गुणकारी म्हणून त्याची शिकारही होते. त्या तेलाच्या गुणाला शास्त्रीय आधार नाही. उलट एरवी झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या प्राण्याच्या रक्ताशी आणि लाळेशी माणसाचा थेट संबंध येतो तो अशा शिकारीतच. आसरा तोडून हुसकावलेला थवा नाहीसा होत नाही, तो विखुरतो. आणि विखुरलेल्या, भुकेल्या टोळ्यांचे काय होते ते क्वीन्सलँडमध्ये दिसलेच आहे.

घोड्यांसाठी लस 2012 पासून उपलब्ध आहे. परंतु प्लाउराइट यांचा भर हिवाळ्यात फुलणारी जंगले राखण्यावर आणि नव्याने लावण्यावर आहे, आणि त्यामागे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. ज्या हिवाळ्यांत उरलेल्या जंगलाला भरघोस बहर आला, त्या हिवाळ्यांत वटवाघळे शेते सोडून तिकडे गेली आणि घोड्यांमधील लागण थांबली. 2020 मध्ये जिम्पी या गावाजवळ असा बहर आला, तेव्हा सुमारे 2,40,000 वटवाघळे तेथे मकरंदासाठी गोळा झाली होती, आणि त्यानंतर घोड्यांमधील लागण थांबली.