इंडियन न्यूज रिव्ह्यू

इंडियन न्यूज रिव्ह्यू म्हणजे फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट विभागाची साप्ताहिक न्यूजरील, म्हणजे बातम्यांची छोटी फिल्म, थिएटरात मेन पिक्चरच्या आधी लागायची ती. घरात टीव्ही नव्हता तेव्हा बातमी हलताना दिसायची ती फक्त इथंच.

बातम्या शूट करायची परंपरा आपल्याकडे खूप जुनी. 1901 मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, केंब्रिजच्या गणित परीक्षेत अव्वल आलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत कॅमेऱ्यात पकडलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने प्रचारासाठी इंडियन न्यूज परेड सुरू केली, पण 1946 ला ती बंद झाली आणि त्यामुळे 15 ऑगस्ट 1947 ला, इतक्या मोठ्या दिवशी, सरकारकडे स्वतःचं न्यूजरील युनिटच नव्हतं. याची हळहळ वाटते. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन आली, ऑफिस मुंबईत, पेडर रोडवर.

एका रिळात काय काय असायचं बघा: पंतप्रधानांचा दौरा, धरणाचं काम, कुठेतरी पूर, निवडणुकीच्या रांगा, मग एखादं प्रदर्शन, कुस्ती नाहीतर हॉकी, क्रिकेट. क्रिकेटची गंमत वेगळीच, मॅच रेडिओवर ऐकून झालेली असायची, स्कोअर पाठ असायचा, तरी बॅट्समन खरंच कसा खेळतो ते बघायला लोक डोळे लावून बसायचे. 1955 ला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह-बुल्गानिन आले, 1961 ला राणी एलिझाबेथ आली, अशा पाहुण्यांना तर भरपूर फुटेज मिळायचं.

शूटिंग बऱ्याचदा मूकच व्हायचं, आवाज न घेणारे हलके कॅमेरे घेऊन, आणि कॉमेंट्री, म्युझिक नंतर मुंबईत चढवायचे, मराठीसकट बऱ्याच भाषांत. त्यामुळे माणसं पडद्यावर बोलताना दिसतात पण ऐकू येतो तो निवेदकच. प्रिंट मोजक्या असल्यामुळे त्या गावोगाव फिरत जायच्या, म्हणून तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये पोचेपर्यंत बातमी पार शिळी झालेली असायची.

हे दाखवणं थिएटरवाल्यांच्या मर्जीवर नव्हतं. लायसन्सच्या अटीतच होतं की सरकारमान्य फिल्म दाखवायची, वर तिचं भाडंही भरायचं. साहजिकच सरकारवर टीका त्यात सापडत नाही, संप-मोर्चे बघायचे तर दुसरीकडेच शोधावं लागतं. तरी फीत कापणाऱ्या मंत्र्यांच्या मागे जी गर्दी दिसते ना, तिचे कपडे, टोप्या, बैलगाड्या, दुकानांच्या पाट्या, ते मला जास्त मोलाचं वाटतं, कारण साध्या माणसांचं त्या काळचं हलतं चित्र दुसरीकडे फारसं मिळतच नाही.

1972 ला मुंबई दूरदर्शन आलं आणि टीव्ही पसरत गेला तशी न्यूजरीलची निकड संपत गेली. सक्तीच्या अटीचा वाद मात्र सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1999 ला कोर्टाने ती अट कायम ठेवली.