अबोलीशेजारची निळी सावली

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली अबोलीची फाती (गजरा) पितळेच्या तांब्याभोवती ठेवून तैलरंगात रंगवायची असेल, तर चार रंग पुरतात. स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्न (१८६०-१९२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये पांढरा, पिवळा ऑकर, हिंगुळी तांबडा आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा एवढेच रंग असतात; निळा नसतोच.

अबोली सोपी आहे, कारण तांबड्यात ऑकर आणि किंचित पांढरा मिसळला की तिची छटा हाती येते. ऑकरमध्ये काळा घातला की आंब्याच्या जून पानासारखा मळकट हिरवा तयार होतो. खरी गंमत सावलीत आहे. काळ्यापांढऱ्याच्या मिश्रणातून आलेला करडा पॅलेटवर पाटीसारखा निस्तेज दिसतो, पण अबोलीला लागून लावला की तोच निळसर भासतो. पांढऱ्या कागदाला बोटाएवढे भोक पाडून त्यातून फक्त सावली पाहिली, तर निळेपणा बहुतांशी नाहीसा होतो. डोळ्यातील रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशींकडून आलेल्या संकेतांची तुलना करूनच आपली दृष्टी रंग ठरवते आणि त्या तुलनेत शेजारच्या रंगाचाही हिशेब धरते. म्हणून नारिंगीजवळचा करडा त्याच्या विरोधी रंगाकडे, म्हणजे निळ्याकडे, झुकतो. पॅरिसच्या गोबलँ या चित्रमय भित्तिवस्त्रे विणणाऱ्या कारखान्यातील काळा धागा फिका दिसतो, या तक्रारीचा शोध घेताना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांना दोष रंगद्रव्याचा नसून शेजारच्या रंगांचा असल्याचे उमगले आणि १८३९ मध्ये त्यांनी या परिणामावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

कमी रंगांचा दुसरा फायदा भौतिक आहे. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. त्यामुळे वेगवेगळी द्रव्ये एकमेकांत जितकी अधिक मिसळावीत, तितका चिखल होण्याचा धोका वाढतो.

ऑकर आपल्याला परका नाही. जांभ्या दगडातला पिवळेपणा आणणारे गोएथाइट हे लोहखनिजच त्याला रंग देते आणि सुमारे २५०-३०० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातील पाणी निघून जाऊन तांबडे हेमॅटाइट उरते. गोव्यातील कावी कलेने तर चुन्याचा पांढरा आणि कावेचा तांबडा एवढ्यावरच भिंती फुलवल्या आहेत.

गोकर्णाच्या फुलापुढे मात्र हे पॅलेट हात टेकते. तो गडद निळा कोणत्याही शेजाराने भासवता येत नाही, त्यासाठी अल्ट्रामरीनची पाचवी ट्यूब उघडावीच लागते. आणि ते फूल रंगवून होताच त्याच्या पाकळीलगतचा तोच करडा पिवळसर दिसू लागतो.