पायली, शेर आणि किलो: शाळेतल्या वस्तुमानाची पार्श्वभूमी

प्राथमिक शाळेतला वस्तुमानाचा धडा आज एका ओळीत मावतो: १ किलोग्रॅम म्हणजे १००० ग्रॅम. पुढे बेरजा-वजाबाक्या. सत्तर वर्षांपूर्वी मराठी शाळेतल्या मुलांपुढे याहून कितीतरी गुंतागुंतीचा मामला होता.

धान्य मापाने मोजत. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गूळ, तूप मात्र तागडीत जाई: पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. शेर आणि मण दोन्हीकडे होते, पण पहिल्या हिशेबात ते आकारमान सांगत आणि दुसऱ्यात वजन. ‘जास्त जागा व्यापते ते जड’ असे मुलांना आजही वाटते. तेव्हा तर या गोंधळाला रोजच्या भाषेचाच आधार होता.

सगळे व्यवहार पाव, अर्धा, पाऊण अशा हिश्श्यांत चालत, म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत. ही पाठांतरे पुढे निरर्थक वाटू लागली, पण त्या काळी बाजारात फसवणूक होऊ नये म्हणून ती लागतच.

शिवाय मण सगळीकडे सारखा नव्हता. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा मण सुमारे ३७.३ किलो भरे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलो. १९५६ च्या वजन-मापे कायद्याने हा घोळ संपवायला घेतला. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून व्यापारात जुनी वजने बाद झाली. नवे पैसे १९५७ मध्येच आले होते, त्यामुळे दशमान हिशेब मुलांच्या थोडा ओळखीचा झाला होता.

देशाचे किलोग्रॅमचे मूळ प्रमाण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे: ५७ क्रमांकाचा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या अशा ठोकळ्यावर अवलंबून नाही, ती प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीही न बदलणाऱ्या राशीवरून ठरते.

मला मात्र मोठा बदल दुकानात झालेला दिसतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर थेट आकडा उमटतो, तुलना दिसत नाही. तागडीत ती डोळ्यांसमोर घडते, आणि वस्तुमान मोजणे म्हणजे मुळात ठरावीक प्रमाणाशी तुलनाच. तागडी चंद्रावर नेली तरी तेच उत्तर देईल, कारण गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखेच घटते. स्प्रिंगचा काटा तिथे सुमारे एक षष्ठांश दाखवेल.

म्हणून वर्गात तागडी हवीच. एका पारड्यात किलोभर साखरेची पुडी ठेवावी आणि दुसऱ्यात मुलांनाच चुरमुरे भरू द्यावेत. पारडे ओसंडून वाहते, तरी साखर जागची हलत नाही. मग ‘का?’ हा प्रश्न मुलेच विचारतात.